आराखडा न करता प्रेमकादंबरी लिहिताना काय रेखाटावं आणि कधी

समास

कथानकाचे तयार तक्ते आराखडा न करणाऱ्या लेखकापुढे ठेवले की तो ते मिटून बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. ते तक्ते लिहिण्याआधी भरायचे असतात. पुढचं कळलं की लिहायची ओढच संपते अशी ज्यांची प्रकृती आहे, त्यांना असा तक्ता मारकच ठरतो. पण म्हणून रेखाटणंच वर्ज्य करायचं कारण नाही. या धाग्यात उलट्या बाजूने जाऊ. जे लिहून झालंय त्याचं चित्र काढायचं, पुढचं कोरं राहू द्यायचं.

प्रेमकादंबरीला हे विशेष मानवतं. या प्रकाराची वाचकाशी दोनच बोलणी ठरलेली असतात: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधानाचा, निदान आशेचा हवा. म्हणजे शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक. वाचक पानं उलटतो ते ही दोघं जवळ कशी येतात आणि त्यासाठी काय सोडतात हे पाहायला. तेव्हा नकाशा घटनांचा काढू नका, दोघांमधल्या अंतराचा काढा. घटना तुम्हाला लिहिताना सुचतातच. अंतर मात्र लिहिताना दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्या आत असता.

पायाभूत पद्धत अशी. एक प्रसंग लिहून झाला की ३ × ५ इंचांचं एक कार्ड घ्या. त्यावर चार ओळी लिहा:

१. या प्रसंगात कोणाला काय हवं होतं
२. प्रसंग संपताना काय बदललं
३. चार आकडे: तिची ओढ, तिचा विश्वास, त्याची ओढ, त्याचा विश्वास
४. वाचकाच्या मनात उरलेला प्रश्न

कोपऱ्यात क्रमांक घाला, पण १, २, ३ असा नको. १०, २०, ३० असा घाला, म्हणजे मध्ये प्रसंग घुसवायचा झाला तर २५ मोकळा असतो. एका कार्डाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही प्रसंगाचा सारांश लिहिताय. तो नको आहे.

दुसरी ओळ कोरी राहिली तर प्रसंग जागचा हललेला नाही. तो तिथल्या तिथे खोडू नका, कार्डावर फक्त ठिपका द्या. पहिल्या खर्ड्यात असे प्रसंग येणारच. त्यात बरेचदा लेखकाला आपली पात्रं ओळखीची होत असतात, आणि तेही काम आवश्यक असतं.

निळी शाई

समास यांच्या तिसऱ्या ओळीतल्या चार आकड्यांचं पुढे काय करायचं ते सांगते, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

आलेखाचा ए४ कागद आडवा धरा. कादंबरी ८०,००० शब्दांची आणि प्रसंग सरासरी १,६०० शब्दांचा धरला तर साधारण ५० प्रसंग होतात. प्रत्येकाला ५ मिलिमीटर दिले की २५ सेंटिमीटर लागतात. कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे समासासकट मावतं. उभ्या अक्षावर उणे ५ ते अधिक ५, एका घराला १ सेंटिमीटर.

तिच्यासाठी लाल, त्याच्यासाठी निळा. ओढ सलग रेघेने, विश्वास तुटक रेघेने. दोघी नायिका असल्या किंवा दोघे नायक, तरी रंग दोनच. आकडा प्रसंगाच्या शेवटी दोघं जिथे पोचली तिथला घ्यायचा, मधल्या चढउतारांचा नाही.

वीस प्रसंग झाले की रेघा बोलू लागतात. कुठे पाहायचं?

पहिलं म्हणजे, एकाच माणसाची ओढ आणि त्याचाच विश्वास यांतलं अंतर. ओढ लवकर चढते, विश्वास मागून येतो. त्या दोन रेघांमधली मोकळी जागा म्हणजे कथेतला ताण. चाळीस टक्क्यांवरच चारही रेघा अधिक ४ला जाऊन टेकल्या असतील तर प्रेमकथा तिथे संपली. मग उरलेल्या साठ टक्क्यांत लेखक अपघात, परदेशातली नोकरी, जुनी प्रेयसी असलं काहीबाही आणत राहतो. उपाय आणखी अडथळे आणण्यात नाही. मागे जा आणि विश्वास एकाच प्रसंगात दोन घरांपेक्षा जास्त उडाला तो प्रसंग शोधा. बहुधा तिथे पात्राने आपलं सगळं मन एका दमात मोकळं केलेलं असतं. ते तोडा. अर्धं तिथे ठेवा, अर्धं पुढच्यासाठी राखा.

दुसरं, लाल आणि निळी रेघ समांतर चालल्या असतील तर दोघं एकाच वेगाने प्रेमात पडतायत. ऐकायला गोड, वाचायला सपक. एक पुढे, एक मागे, मग अदलाबदल, असं असलं की रेघा एकमेकींना छेदतात. दोन-तीन तरी छेद हवेत.

तिसरं, सलग चार प्रसंग चारही रेघा आडव्या. तिथे वाचक पुस्तक खाली ठेवतो.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मोठा दुरावा. तो साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास येतो. त्यात विश्वास कोसळला पाहिजे, पण ओढ जागेवरच राहिली पाहिजे. दोन्ही एकदम कोसळल्या तर परत येण्याचं कारणच उरत नाही आणि शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. ओढ असून विश्वास नाही, ही अवस्था सर्वांत दुखरी. दुरावा दुखतो तो तिथेच.

कोरा कागद

विश्वासाला ३ द्यायचे की ४, हे ठरवायचं कसं? आज ३ वाटलं ते उद्या २ वाटेल. मग रेघेला काय अर्थ?

निळी शाई

प्रश्न रास्त आहे. पात्राला काय वाटतं यावर आकडा दिला तर तो रोज बदलणारच. पात्र काय करतं यावर द्या. विश्वासाची पट्टी अशी ठेवता येईल:

उणे ५: समोरचा मुद्दाम इजा करणार असं धरून वागणं
उणे ३: महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवणं
उणे १: बोलणं टाळणं, विषय बदलणं
०: अनोळखी
१: किरकोळ मदत मागणं
२: स्वतःची चूक कबूल करणं
३: ज्याची लाज वाटते ते सांगणं
४: ज्यात स्वतःचं नुकसान होऊ शकतं असा निर्णय समोरच्यावर सोपवणं
५: पुरावा विरुद्ध असतानाही समोरच्याच्या बाजूने उभं राहणं

ओढीची पट्टी सोपी. १ म्हणजे लक्ष जातं. २ म्हणजे कारण काढून भेट होते. ३ला दुसरं काम मागे पडतं. ४ला भेट हुकली तर पात्राचं दिवसभराचं वागणं बिघडतं. ५ला स्वतःची ठरलेली वाट बदलते. टाळाटाळ सुरू झाली की आकडे उणे.

पट्टी कोणाची कशी असावी याला नियम नाही. फक्त एका कादंबरीला एकच पट्टी शेवटपर्यंत ठेवा, आणि पात्राने कृती केलेली नसेल तर मागचाच आकडा पुढे ओढा. नायिका तीन पानं त्याच्याबद्दल विचार करते आणि आकडा हलत नाही, असं झालं तर तो आलेखाचा दोष मानू नका.

तिरपी रेघ

भिंतीबद्दल लिहितो. अमेरिकी कादंबरीकार फॉकनरने ‘अ फेबल’ या कादंबरीची मांडणी मिसिसिपीतल्या रोवन ओक या आपल्या घरात अभ्यासिकेच्या भिंतीवरच वारांनुसार लिहून काढली होती, आणि ती आजही तिथे पाहायला मिळते. आपल्याला भिंत रंगवायची गरज नाही, चिकटचिठ्ठ्या पुरतात.

नेहमीची चिठ्ठी ७६ मिलिमीटर चौरस असते. मध्ये एक सेंटिमीटर सोडून १३ चिठ्ठ्यांची एक ओळ लावली तर साधारण १ मीटर ११ सेंटिमीटर होते. अशा चार ओळी लावायच्या, एक ओळ म्हणजे कादंबरीचा एक चतुर्थांश. ८०,००० शब्दांच्या हिशेबात एका ओळीत २०,००० शब्द. चार ओळींत ५२ जागा होतात, ५० प्रसंगांना पुरतात. दोन ओळींत १० सेंटिमीटर मोकळे सोडा, दोरे आणि खुणा तिथे जातात. एकूण सव्वा मीटर रुंद आणि जेमतेम पाऊण मीटर उंच. मोठ्या कपाटाची दोन्ही दारं मिळून चालून जातात.

रंग चारच ठेवा. तिच्या नजरेतला प्रसंग, त्याच्या नजरेतला प्रसंग, दोघांबाहेरचं कथानक (कुटुंब, काम, मित्र), आणि चौथा रंग फक्त गुपितांसाठी. सहा-सात रंग झाले की रंगाचा अर्थ आठवायला वेगळा कागद लागतो आणि भिंतीचा उपयोग संपतो. दोन मीटर मागे उभं राहून डोळे किलकिले केले तरी चित्र कळलं पाहिजे. बाहेरच्या कथानकाच्या चार-पाच चिठ्ठ्या एका रांगेत दिसल्या म्हणजे प्रेमकथा तेवढा वेळ मंचाबाहेर गेली. कारण कितीही चांगलं असो, इतकी मोठी रजा या प्रकारात परवडत नाही.

त्या १० सेंटिमीटरच्या पट्टीत प्रत्येक प्रसंगाखाली एक त्रिकोण काढा. पुढाकार तिने घेतला तर टोक डावीकडे, त्याने घेतला तर उजवीकडे, परिस्थितीने दोघांना एकत्र आणलं तर त्रिकोणाऐवजी गोल. सलग सहा त्रिकोण एकाच दिशेला असतील तर दुसरं माणूस कथेत नुसतं बसून आहे. सलग तीन गोल म्हणजे योगायोग कथा चालवतोय.

काय बिघडतं: चिठ्ठ्या पडतात. धुळकट किंवा खडूसारखा रंग सुटणाऱ्या भिंतीवर गोंद धरत नाही, तेव्हा आधी जाड कार्डशीट लावा आणि चिठ्ठ्या त्यावर लावा. गठ्ठ्यातून चिठ्ठी खालून वर उचकटली तर ती वळते आणि तिची खालची कड भिंतीपासून सुटून राहते. बाजूने सोलली तर सपाट राहते. झगमगीत चिठ्ठ्यांचा रंग उन्हात लवकर उडतो, खिडकीसमोरची भिंत टाळा. दर आठवड्याला एक फोटो काढून ठेवा. पडझड झाली तर उपयोगी पडतोच, शिवाय चार आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की कोणता प्रसंग सारखा जागा बदलतोय तेही दिसतं. असा भटकणारा प्रसंग बहुतेक वेळा कथेला नको असतो.

मध्यरात्र

तिरपी रेघ यांच्या मांडणीत एक धोका आहे. ५२ जागा आखल्या आणि त्यांतल्या १८च भरल्या की उरलेल्या ३४ कोऱ्या जागा रोज समोर येतात. आराखडा न करणाऱ्याला त्या भरून टाकायचा मोह होतो. त्याने भरल्या की आराखडा तयार, आणि लेखन बंद.

माझं मत आहे की जागा आखूच नयेत. लिहून झाल्यावर चिठ्ठी लावा, ओळ कुठे संपवायची ते १३व्या चिठ्ठीनंतर पाहा.

दुसरं, पुढचे काही प्रसंग अधांतरी सुचतात. ते कधी येणार माहीत नसतं पण दिसत असतात, जसं की दोघं एका छत्रीखाली आणि दोघांनाही बोलायचं नाहीये. त्यांना भिंतीवर जागा देऊ नका, क्रमांकही देऊ नका. वेगळ्या पाकिटात ठेवा. त्या कार्डावर फक्त दृश्य लिहायचं. ‘कारण’ आणि ‘परिणाम’ हे दोन्ही शब्द तिथे वर्ज्य. ‘लोलिता’चा लेखक नाबोकोव्ह कार्डांवर पेन्सिलने लिहायचा आणि कादंबरी क्रमाने लिहायचं बंधन स्वतःवर घेत नव्हता. तुकडे आधी, क्रम नंतर. सुट्या कार्डांचा खरा फायदा तोच.

पाकिटात दहापेक्षा जास्त कार्डं झाली तर थांबा. नवं आलं तर एक जुनं बाहेर काढा.

समास

मध्यरात्र यांच्याशी पाऊण सहमत. जागा आखू नयेत हे बरोबर. पण या प्रकारात तीन खुणा अशा आहेत की त्यांच्या फक्त जागा ठाऊक असलेल्या बऱ्या: पहिली भेट पहिल्या दहा टक्क्यांत, परत फिरता येणार नाही अशी जवळीक मध्यावर, मोठा दुरावा तीन चतुर्थांशाच्या पुढेमागे. तिथे चिठ्ठी लावा आणि तिच्यावर फक्त प्रश्नचिन्ह काढा. घटना लिहू नका. ‘इथे काय होईल’ हे लिहिलंत तर गाठोडं सुटलं. ‘इथे काहीतरी होईल’ एवढंच लिहिलंत तर हात आपोआप त्या दिशेने वळतो.

आकडे वर-खाली चालतील. ५०,००० शब्दांच्या छोट्या कादंबरीत पहिली भेट पहिल्याच प्रसंगात असते, कारण तिथे वाट पाहायला लावायला जागा नसते.

पूर्णविराम

गुपितांसाठी चौथा रंग ठेवा असं वर आलं, पण रंगाने भागत नाही. आराखडा न करता लिहिलेल्या खर्ड्यात सगळ्यांत जास्त चुका ‘कोणाला काय ठाऊक’ यात होतात. लेखकाला ते पात्र बोलायला लागल्यावरच कळलेलं असतं, आणि मागे जाऊन कोणाला कधी कळलं हे तपासायचं राहून जातं.

त्यासाठी वेगळा तक्ता. ओळी म्हणजे प्रसंग. रकाने चार: वाचक, ती, तो, आणि गुपित फोडू शकेल असा तिसरा माणूस. प्रत्येक घरात एक वर्तुळ. रिकामं म्हणजे ठाऊक नाही, अर्धं भरलेलं म्हणजे संशय आहे, पूर्ण भरलेलं म्हणजे ठाऊक आहे. एका गुपिताला एक तक्ता. कादंबरीत तीनपेक्षा जास्त तक्ते लागत असतील तर गुपितं जास्त झालीत.

उदाहरण घेऊ. ती तंतुवाद्यं दुरुस्त करते, तो वास्तुकार आहे. तिची कार्यशाळा ज्या इमारतीत आहे ती पाडायच्या प्रकल्पावर तो काम करतोय आणि हे तिला माहीत नाही. तक्त्यात त्याचं वर्तुळ प्रसंग ६०ला भरतं: पत्ता वाचून त्याला कळतं की हीच ती इमारत. वाचकाचंही तिथेच भरतं. तिचं ३९०ला. मधल्या ३२ प्रसंगांत वाचक तिच्यापेक्षा जास्त जाणून आहे. एवढा काळ हे पेलायचं तर दर आठ-दहा प्रसंगांनी गुपिताला स्पर्श व्हायला हवा. भिंतीवर ६०पासून ३९०पर्यंत लोकरीचा दोरा बांधा आणि स्पर्श होतो तिथे टाचणी लावा. दोन टाचण्यांत बारा-पंधरा चिठ्ठ्यांचं अंतर पडलं तर वाचक गुपित विसरतो, आणि ते फुटतं तेव्हा त्याला धक्क्याऐवजी आठवण करून घ्यावी लागते.

आता गैरसमजाची परीक्षा. प्रेमकादंबरीवरची नेहमीची तक्रार असते, ‘दोघं पाच मिनिटं बोलली असती तर पुस्तक संपलं असतं.’ तक्त्यात हे आधीच पकडता येतं. ज्याचं वर्तुळ भरलेलं आहे आणि तरी तो गप्प आहे, त्या प्रत्येक घरात लिहा की बोलल्यास त्याचं काय जाईल. प्रसंग ६०ला: नोकरी. १५०ला: तिचा नुकताच मिळालेला विश्वास. २४०ला: दोन्ही, शिवाय इतके दिवस लपवल्याची लाज. किंमत वाढत जाते, म्हणून गप्प राहणं पटतं. ज्या घरात लिहायला काहीच सुचत नाही, तिथे त्याने बोलायलाच हवं होतं. मग तिथे त्याला बोलू द्या. खरंच. गुपित लवकर फुटलं तर कथा संपेल अशी भीती वाटते, पण बहुतेक वेळा ती तिथून चांगली सुरू होते: आता दोघांना ठाऊक आहे, इमारत तरीही पडणार आहे आणि दोघांना एकमेकांची ओढ आहे.

कोरा कागद

पूर्णविराम यांचा तक्ता उत्तम आहे, पण तो मागचं तपासायला. माझा प्रश्न पुढच्याबद्दल आहे. ३०,००० ते ३५,००० शब्दांच्या दरम्यान पुढचा प्रसंगच दिसत नाही अशी अवस्था आराखडा न करणाऱ्यांना हमखास येते. तिथे कोणतं चित्र कामाचं?

तिरपी रेघ

आधी कारण बघू. तिथवर पहिल्या भेटीची वाफ लेखन ढकलत असते. दोघं एकमेकांना ओळखू लागली की ती निवते, आणि विश्वासाची खरी परीक्षा अजून सुरू झालेली नसते. म्हणून त्रिकोणांची रांग आधी पाहा. बरेचदा असं दिसतं की एकाने सगळा पुढाकार घेतलाय आणि दुसऱ्याला काय हवंय हेच ठरलेलं नाही. तसं असेल तर पुढचा प्रसंग दुसऱ्याच्या नजरेतून लिहायला घ्या, बाकी कशाची गरज नाही.

ते नसेल तर फाट्यांचं चित्र. कोऱ्या कागदाच्या मध्ये वर्तुळ काढून शेवटच्या कार्डाची चौथी ओळ, म्हणजे उरलेला प्रश्न, त्यात लिहा. त्यातून पाच फाटे काढा, प्रत्येकावर तीन ते पाच शब्द: ‘ती चावी परत मागते’, ‘तो प्रकल्प सोडतो’, असे. पहिले दोन फाटे बहुधा शिळे असतात, कारण आधी तेच सुचतं जे आपण अनेकदा वाचलेलं असतं. म्हणून पाचाच्या आत थांबू नका. मग प्रत्येक फाट्याच्या टोकाला दोन बाण काढा, तिचा विश्वास वर की खाली, त्याचा वर की खाली. ज्या फाट्यावर एक बाण वर आणि एक खाली आहे तो लिहायला घ्या. दोन्ही वर म्हणजे ताण गेला. दोन्ही खाली म्हणजे दुरावा वेळेआधी आला.

बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि कागद फाडून टाका. ठेवलात तर फाट्याला उपफाटे फुटतात, त्यांना आणखी, आणि संध्याकाळपर्यंत हातात आराखडा असतो.

मध्यरात्र

फाडण्याबद्दल मी असहमत. न निवडलेला एखादा फाटा नुसतं दृश्य म्हणून चांगला असेल तर तो कारणाशिवाय पाकिटात जावा. बाकीचं फाडा.

निळी शाई

शारीरिक जवळिकीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि तिथे आकडे अपुरे पडतात. डेस्मंड मॉरिस या प्राणिशास्त्रज्ञाने १९७१ साली माणसांमधल्या जवळिकीच्या बारा पायऱ्या मांडल्या. नजर शरीराकडे, मग नजरेला नजर, मग आवाज, मग हातात हात, खांद्यावर हात, कमरेवर हात, मग चुंबन, मग डोक्यावर हात, आणि तिथून पुढे. प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांना ही शिडी फार उपयोगी पडते.

कागदाच्या उजव्या कडेला बारा पायऱ्यांची शिडी काढा आणि प्रत्येक पायरीसमोर ती पहिल्यांदा ज्या प्रसंगात आली त्याचा क्रमांक लिहा. बस. वाचकाला दुसऱ्यांदा हात धरलेला लक्षात राहत नाही, पहिल्यांदा धरलेला राहतो. दोन पायऱ्यांच्या क्रमांकांत फार अंतर असेल तर तिथे ओढ ताणलेली आहे. ते चांगलंच, पण मग ती पायरी आली तेव्हा तिला अर्ध्या पानाहून जास्त जागा मिळाली का, हे पाहा. एकाच प्रसंगात चार पायऱ्या ओलांडल्या असतील तर तुम्ही चार प्रसंगांचं भांडवल एका रात्रीत खर्च केलंय.

पायरी गाळणं चूक नाही. वैरातून प्रेमाकडे जाणाऱ्या कथेत हातात हात येण्याआधी चुंबन येऊ शकतं, आणि मग नंतर कधीतरी नुसता हात धरणं चुंबनापेक्षा मोठं ठरतं. डोक्यावर हात ही पायरी मॉरिसने चुंबनाच्या नंतर ठेवलीय हे लक्षात घ्या. डोकं दुसऱ्याच्या हाती देणं ही विश्वासाची खूण आहे. ज्या कथेत शरीरसंबंध दाखवायचा नाही, तिथे ही पायरी शिखराचं काम करू शकते.

उंबरठा

दोन छोट्या गोष्टी.

छायाचित्रांचा फलक बरेच जण करतात आणि त्यात आठवडा घालवतात. नऊ चित्रांवर थांबा. प्रत्येक चित्रामागे लिहा की ते कोणत्या प्रसंगात काय देणार: प्रकाश, कापड, खोली, हवा. ज्याच्या मागे काही लिहिता येत नाही ते काढा. पात्रांच्या चेहऱ्यांसाठी नटनट्यांचे फोटो लावू नका, संवाद त्या नटाच्या तोंडचे होऊ लागतात.

जागेचा नकाशा मात्र आवर्जून काढा. ज्या दोन-तीन ठिकाणी दोघं वारंवार भेटतात त्यांचा साधा आराखडा करा: दारं, खिडक्या, जिना, बसायच्या जागा. दोघांच्या रोजच्या वाटा दोन रंगांत काढा. वाटा जिथे छेदतात तिथे भेट योगायोग वाटत नाही. तिरपी रेघ यांच्या भाषेत, गोल कमी होतात. अरुंद जागाही दिसून येतात, जिथे एकाला दुसऱ्यासाठी बाजूला सरावं लागतं. ओढीचे अर्धे प्रसंग अशाच ठिकाणी घडतात.

मध्यरात्र

संगणकावर करायचं असेल तर स्प्रेडशीट पुरेशी आहे. ओळ म्हणजे प्रसंग. रकाने असे: क्रमांक, शब्दसंख्या, कोणाची नजर, चार आकडे, पुढाकार, उरलेला प्रश्न. चार आकड्यांचा रेषालेख दोन टिचक्यांत निघतो. आकड्यानुसार घराचा रंग बदलेल असा नियम लावला की सपाट भाग आलेखाशिवायही डोळ्यांत भरतो. स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्कबोर्डावर कार्डं आणि रंगाच्या खुणा मिळतात, पण आकड्यांच्या रेघा काढता येत नाहीत, तेव्हा आलेख वेगळाच ठेवावा लागतो. रोजचं लेखन संगणकावर असेल तर कार्डं हाताने लिहिलेली बरी, असं मला वाटतं. कार्ड लिहिताना मजकुराकडे परत पाहता येत नाही म्हणून जे खरोखर घडलं तेवढंच उतरतं.

कोरा कागद

शेवटचा प्रश्न. खर्डा पूर्ण झाला, भिंत भरली. आता पुनर्लेखनाला सुरुवात कुठून?

पूर्णविराम

आधी काय करू नये ते. आलेखावर जर्मन लेखक फ्राइटागचा त्रिकोण बसवायला जाऊ नका. १८६३ साली त्याने तो पाच अंकी नाटकाच्या तंत्रासाठी मांडला, त्यात कळस मध्यावर असतो आणि पुढे उतार. प्रेमकादंबरीत मध्यावर जवळीक असते आणि सर्वांत खोल खड्डा तीन चतुर्थांशाला. त्रिकोण बसवला तर दुसरा अर्धा भाग चुकल्यासारखा वाटतो आणि लेखक चांगला भाग कापून टाकतो.

सुरुवात दुराव्याच्या चिठ्ठीपासून करा. तिथून मागे जात दोरे बांधा: दुरावा ज्या भीतीमुळे झाला ती भीती आधी कुठे कुठे दिसली? तीन तरी टाचण्या लागल्या पाहिजेत, आणि त्यांतली एक पहिल्या ओळीत हवी. आराखड्याशिवाय लिहिताना ही भीती बहुतेक वेळा मध्यावर सुचलेली असते, त्यामुळे पहिली ओळ रिकामी सापडते. तिथे नवा प्रसंग लिहायची गरज नसते. असलेल्या प्रसंगात दोन-तीन वाक्यं पुरतात. वाद्यं दुरुस्त करणारी नायिका पहिल्या भेटीत सही करण्याआधी पावती दोनदा वाचते, एवढं आलं तरी चालतं.

मग तिथून पुढे. समेटात जो माणूस पाऊल उचलतो, त्याने त्याच भीतीला हात घातलाय का? तिची भीती फसवलं जाण्याची असेल आणि तो फुलं घेऊन दारात उभा राहिला, तर आलेखावर ओढ वाढते पण विश्वास जागेवरच राहतो. त्याने प्रकल्पाची सगळी कागदपत्रं तिच्यापुढे ठेवली, स्वतःला अडचणीत आणणाऱ्या पानासकट, तर विश्वासाची रेघ हलते. शेवटच्या तीन प्रसंगांत दोन्ही तुटक रेघा अधिक ४च्या वर जायला हव्यात, आणि प्रत्येक चढाला एक कृती हवी. एकाच प्रसंगात उणे ३ वरून अधिक ५ला नेऊ नका. निदान दोन प्रसंग द्या, आणि त्यांत दोघांना एकेकदा पुढाकार द्या.

त्यानंतर ठिपके दिलेली कार्डं काढा. दोन ठिपकेवाले प्रसंग शेजारी असतील तर त्यांचा एक करा. एकटा असेल तर त्यातली एकमेव कामाची गोष्ट, एखादा संवाद किंवा एखादी माहिती, शेजारच्या प्रसंगात हलवून कार्ड काढून घ्या. क्रमांक बदलू नका. १४० नंतर १६० आला तरी चालतं, मोकळ्या १५०ची गरज पुढच्या वाचनात लागतेच.